आकडेमोड आणि चंबू

डाव्या पायातील वहाण उजव्या पायात घातली, तर ती बोचते. दोन्ही वहाणांचे चामडे एकच, टाके तितकेच, वजनही सारखे. भेद असतो तो केवळ घडणीच्या दिशेचा. कार्बनच्या अनेक संयुगांची हीच स्थिती असते. तेच अणू, त्याच क्रमाने जोडलेले असूनही एक रेणू दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब असू शकतो. आपल्या शरीरातील प्रथिने अशाच एका दिशेच्या घडणीची असल्यामुळे औषधाचा एक रेणू त्यांच्यात नेमका बसतो, तर त्याचे प्रतिबिंब बसत नाही किंवा भलत्याच जागी जाऊन बसते. म्हणून हवा तोच रेणू घडवणे, हा औषधनिर्मितीतील कळीचा प्रश्न आहे.

हे काम बहुधा उत्प्रेरकाकडे सोपवले जाते. उत्प्रेरक म्हणजे जणू सोयरीक जुळवणारा मध्यस्थ. दोन रेणूंची गाठ घालून द्यावी आणि आपण मोकळे होऊन पुढच्या जोडीकडे वळावे, असा त्याचा व्यवसाय. सजीवांत हे काम विकरे करतात. कारखान्यांत पुष्कळदा ऱ्होडियम किंवा पॅलेडियम यांसारख्या महागड्या धातूंची संयुगे करतात. २००० साली अमेरिकेत बेंजामिन लिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रोलीन हे साधे, स्वस्त अमिनो आम्लही अशी निवडक जुळणी घडवू शकते. त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनी वेगळ्या एका लहान कार्बनी रेणूकडून तशीच कामगिरी करवून घेतली. २०२१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. वास्तविक प्रोलीनचा हा गुण दोन औषध कंपन्यांतील संशोधकांना १९७१ च्या सुमारासच दिसला होता. जे डोळ्यांसमोर होते, त्याचा व्यापक उपयोग ओळखायला जवळपास तीस वर्षे जावी लागली!

पण प्रोलीन हे साधते कसे? अभिक्रिया घडताना रेणूंना ऊर्जेचा एक घाट चढावा लागतो. डाव्या आणि उजव्या घडणीकडे नेणारे घाट वेगळे. ज्याचा माथा ठेंगणा, त्या वाटेने अधिक रेणू जातात. हा माथा क्षणापुरताच अस्तित्वात येत असल्याने तो प्रयोगात पकडता येत नाही. संगणकावर मात्र त्याचे चित्र गणिताने उभे करता येते. यात अडचण आहे ती अचूकतेची. दोन माथ्यांत प्रतिमोल सुमारे १.४ किलोकॅलरींचा फरक असला, तरी सामान्य तापमानाला एका बाजूचे रेणू दुसऱ्याच्या दसपट तयार होतात. उलट, एकट्या प्रोलीनची गणिताने काढलेली एकूण ऊर्जाच अडीच लाख किलोकॅलरींच्या घरात जाते. दहा टनांचा ट्रक दोनदा काट्यावर चढवून त्यातली मूठभर मोहरी कमी झाली की नाही, हे ओळखण्यासारखेच हे आहे. दोन्ही वाटा बऱ्याच सारख्या असल्याने गणितातील चुका एकमेकींना छेद देतात, म्हणूनच हा उद्योग शक्य होतो.

या संदर्भात २००३ सालचे एक काम मला विशेष मोलाचे वाटते. केंडल हाउक यांच्या गटाने, प्रोलीन वापरले असता काही अभिक्रियांतून कोणत्या घडणीचे रेणू किती प्रमाणात मिळतील, याचे भाकीत आधी गणिताने केले. त्यानंतर लिस्ट यांच्या प्रयोगशाळेत त्या अभिक्रिया करून पाहण्यात आल्या. भाकीत आणि प्रत्यक्ष यांचा मेळ चांगला बसला. येथे महत्त्व आहे ते क्रमाला. निकाल हाती आल्यावर त्याचे समर्थन करणारे गणित मांडणे तुलनेने सोपे असते. आधी शब्द देऊन मग चंबूला आपली चूक दाखवण्याची मुभा देणे, यालाच मी विज्ञान म्हणेन.

यापुढे औषधे संगणकच शोधून काढील, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. हे म्हणणे मला पटत नाही. संगणकाच्या सामर्थ्याविषयी शंका नाही. पण जो प्रश्न आपल्याला सुचलाच नाही, त्याचे उत्तर तो कोठून देणार? थॅलिडोमाइडचा इतिहास पाहा. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून झोपेचे औषध म्हणून ते विकले जाऊ लागले. गरोदर स्त्रियांनी मळमळीवरही ते घेतले. १९६१ च्या अखेरीस ते तेथील बाजारातून काढून घेतले गेले, तोवर जगभरातील हजारो बालकांच्या हातापायांत जन्मजात व्यंग निर्माण झाले होते. याचा एकच प्रतिबिंब-रेणू घातक होता, दुसरा तेवढा दिला असता तर अनर्थ टळला असता, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते उत्तर नीटनेटके आहे, पण अपुरे आहे. हे दोन्ही रेणू शरीरात गेल्यावर काही तासांतच एकमेकांत रूपांतरित होतात. कितीही निवडक उत्प्रेरक वापरला असता, तरी गर्भाचे रक्षण झाले नसते.

हा रेणू सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, हे जपानमधील संशोधकांनी २०१० साली दाखवले, तेही झेब्रा मासे आणि कोंबडीचे भ्रूण यांवरील प्रयोगांतून. त्या प्रथिनाचे नावच ठाऊक नसताना जगातील सर्वांत वेगवान संगणकाला तरी कोणती आकडेमोड सांगता आली असती? थॅलिडोमाइड आज कुष्ठरोगातील एका वेदनादायक गुंतागुंतीवर आणि रक्ताच्या एका कर्करोगावर कडक निर्बंधांखाली दिले जाते. सेरेब्लॉनला धरून काम करणारे नवे रेणू आखताना आता संगणकाचाही आधार घेतला जातो. मात्र पडद्यावर उत्तम बसलेला प्रत्येक रेणू पुढे चंबूत घडवून, शुद्ध करून प्रत्यक्ष प्रथिनावर तपासावाच लागतो, आणि त्यांतील बरेचसे तेथेच बाद होतात.