इंजिनाच्या हिशेबातील खोटी नोंद

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणात स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीच्या रसापासून इथेनॉल काढून त्यावर दिवे आणि शेगड्या चालविण्याचे प्रयोग, हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येण्याच्या पुष्कळ आधी केले; आणि याच तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत आज कमिन्सची इंजिने तयार होतात. म्हणून, वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल गावोगावच्या पंपांवर आलेले असताना, इंजिनात शिरणारी हवा आणि तिला दिले जाणारे इंधन यांच्या मेळाविषयी येथे लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

पेट्रोल इंजिनात अग्रपूजेचा मान हवेचा. पुष्कळ मोटारींत फिल्टरच्या पुढे बसविलेल्या मापकातील तापलेल्या तारेला आत जाणारी हवा जितकी थंड करील, तितका अधिक विद्युत्प्रवाह ती तार तापलेली ठेवण्यास लागतो, आणि त्या प्रवाहावरून इंजिनाचा संगणक हवेचे वजन ठरवून इंधन फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवावा याचा हुकूम देतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात. या हिशेबात जमेची बाजू मापक लिहितो आणि खर्चाची बाजू इंजेक्टर. दोहोंची रुजुवात झाल्याविना एकाही आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

अधिक शक्तीच्या हव्यासाने मोटारीत फेरफार करणारे कित्येकजण दीडपट क्षमतेचे इंजेक्टर बसवितात आणि संगणकाची नोंद न बदलता मापकाची नळीच रुंद करतात, म्हणजे मापक हवा दोन-तृतीयांश दाखवितो, इंजेक्टर तितकाच कमी वेळ उघडतो आणि इंधनाचे प्रमाण वरकरणी जुळते. ही मखलाशी मला सर्वथा अमान्य आहे. कारण ठिणगी केव्हा पाडावी हेही संगणक त्याच हवेच्या आकड्यावरून ठरवितो. भार हलका आहे असे समजून तो ठिणगी वाजवीपेक्षा आधी पाडतो, आणि चढावर, भरल्या गाडीत, नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, होऊन पिस्टनची नासाडी सुरू होते. शिवाय इंजेक्टरला उघडण्यासच सुमारे एक मिलिसेकंद लागतो. गाडी उभी राहून इंजिन चालू असता एकंदर हुकूमच दोन-तीन मिलिसेकंदांचा, तेव्हा त्यातून दीडपट इंजेक्टरसाठी आणखी काटछाट केली की इंजिन अडखळणारच.

हे केवळ हौशी लोकांचे दुखणे नव्हे. उसाच्या हंगामातील धुळीने किंवा फिल्टरवरील अतिरिक्त तेलाने तार माखली, तर तीही हवा कमी सांगते. अशा वेळी तार न तपासता केवळ इंजेक्टर बदलणे म्हणजे रोग एका ठिकाणी आणि लेप दुसरीकडे. जेथे मापक नसून दाबावरून हवेचा अंदाज होतो, तेथेही इंजेक्टरची क्षमता संगणकाच्या नोंदीशी जुळलीच पाहिजे.

इथेनॉलला हवेचे केवळ नऊ भाग पुरतात. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात हे प्रमाण सुमारे साडेतेरावर येते आणि तितक्याच हवेस इंधन आठ-नऊ टक्के अधिक द्यावे लागते. त्या इंधनासाठी न घडविलेल्या जुन्या गाडीत ही तूट एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे संगणक भरून काढतो खरा, पण त्या दुरुस्तीस मर्यादा आहे, आणि पूर्ण थ्रॉटलच्या वेळी सेन्सरवरून होणारी तत्कालीन दुरुस्ती साधारणतः थांबते. मापक व इंजेक्टर यांच्या बेबनावानेच ज्या गाडीची दुरुस्तीची ती सवलत आधी खाऊन टाकली आहे, तिच्यापाशी इथेनॉलसाठी शिल्लक काय उरणार? गाडी बिघडली की दोष मात्र इथेनॉलच्या माथी येतो, आणि ज्या गावाने त्या इंधनाची चिकाटीने उपासना केली तेथे तरी हा अन्याय होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून ग्राहकाने आग्रह धरावा की दुरुस्तीच्या बिलावर स्कॅनरने दाखविलेली इंधनदुरुस्तीची टक्केवारी, कामाआधीची आणि नंतरची, उभ्या गाडीत आणि रस्त्यावरील भाराखाली, अशी लिहून मिळावी. इंजेक्टर बदलले असल्यास प्रत्येकाचा ठराविक दाबाखाली मोजलेला प्रवाहही सोबत असावा. पीयूसीचा दाखला याची जागा घेऊ शकत नाही, कारण ती तपासणी उभ्या गाडीची असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटार-मेकॅनिक वर्गांत ही मोजणी प्रत्यक्ष हाताने करवून घेण्याची तजवीज शासनाने करावी, आणि तीही येत्या वर्षाच्या प्रवेशापासून.