आराखडा वीस वर्षांचा, सुनावणी दोन मिनिटांची

काही वर्षांपूर्वी एका नियोजन प्राधिकरणाच्या कार्यालयात हरकतींच्या सुनावणीस जाण्याचा योग आला. कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अन्यत्र चित्र वेगळे असेल असे मानण्यास आधार नाही. वार मंगळवार, वेळ सकाळी अकराची. ठाकुर्लीचा नोकरदार माणूस मंगळवारी अकरा वाजता कुठे असतो, हे त्या वेळापत्रकाच्या कर्त्यास ठाऊक नसेल असे नाही. मी निवृत्त, म्हणून पोहोचलो. बाकावर विकासकांचे वास्तुविशारद, जमीनमालकांचे वकील आणि माझ्यासारखे चार निवृत्तिवेतनधारक. भिंतीवरचा नकाशा इंग्रजीत. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या मला त्यावर स्वतःची गल्ली शोधायला पाच मिनिटे लागली आणि बोलायला दोन मिळाली. ‘आपली हरकत नोंदवली आहे, पुढचे,’ असे म्हणून अधिकाऱ्यांनी चहाचा कप उचलला.

या समारंभाला आपल्याकडे लोकसहभाग म्हणतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. आराखडा तयार झाल्यावर तो प्रसिद्ध करावा, ठरावीक दिवसांत हरकती मागवाव्यात, एका समितीने त्या ऐकाव्यात, मग अंतिम शब्द राज्य शासनाचा, अशी त्याची रीत आहे. म्हणजे शहराने पुढची वीस वर्षे शाळांना जागा द्यायची की मॉलला, पाणी आधी आणायचे की उड्डाणपूल, हे ठरून गेल्यावर नागरिकाला विचारायचे की, बाबा रे, तुझी काही तक्रार आहे काय? लग्न लागल्यावर मुलीची संमती विचारण्याचाच हा प्रकार. पॅट्रिक गेडिस हा नगररचनाकार १९१९ साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचा पहिला प्रमुख झाला. आधी गावाची पाहणी आणि मग योजना, हा त्याचा आग्रह होता. शंभर वर्षांनंतरही आपण आधी योजना आणि मग कैफियत, यापुढे सरकलेलो नाही.

शासनाचा या बाबतीतला सिद्धान्त साधा आहे. सामान्य माणूस आजचे पाहतो, दूरचे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागतात. खेद याचा की हा सिद्धान्त आपल्या पक्षाच्या अभ्यासवर्गातही ऐकू येतो. ‘सर, लोकांना नळ आणि गटार हवे असते, दीर्घकालीन प्राधान्यक्रम वगैरे शिकलेल्यांचे चोचले आहेत,’ असे एका तरुण कार्यकर्त्याने मला मध्यंतरी सुनावले. त्याचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे, अर्थशास्त्र मान्य नाही.

शहरात कोणाची दृष्टी किती लांब पोहोचते, याचा हिशोब एकदा मांडून पाहू. विकासकाची दृष्टी इमारत विकली जाईपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षे. नगरसेवकाची पुढच्या निवडणुकीपर्यंत. आयुक्ताची बदलीच्या आदेशापर्यंत, आणि तो आदेश कधी येईल हे त्यालाही ठाऊक नसते. याउलट ज्याने वीस वर्षांच्या हप्त्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत आणि ज्याची मुलगी इथल्याच शाळेत पहिलीत आहे, त्याचे हितसंबंध दोन दशकांशी जखडलेले आहेत. जुन्या चाळीतल्या भाडेकरूचे तर त्याहूनही अधिक, कारण त्याला जाण्यास दुसरी जागा नाही. दूरवर पाहण्याची गरज ज्याला सर्वांत अधिक, त्यालाच अदूरदर्शी ठरवायचे आणि ज्यांचा मुक्काम अल्प त्यांच्या हाती वीस वर्षांचा नकाशा द्यायचा, याला नियोजनशास्त्र म्हणतात!

२८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत मातृछाया ही इमारत कोसळली आणि नऊ माणसे गेली. अशी घटना घडली की ‘लोक धोकादायक इमारती सोडत नाहीत’ असा ठपका रहिवाशांवर येतो. ते का सोडत नाहीत? कारण खोली सोडली की हक्कही सुटतो, हा त्यांचा अनुभव आहे. पाडलेल्या घराच्या जागी आपल्याला घर मिळेल अशी लेखी हमी हाती नसताना बायकामुलांसह बाहेर पडणे हा जुगार आहे, आणि गरीब माणूस जुगार टाळतो. पावसाळ्यापूर्वी नोटीस चिकटवणे हे तातडीचे काम झाले. मोडकळीस आलेल्या घरांतील भाडेकरूंचे पुनर्वसन आधी की नव्या मनोऱ्यांना वाढीव चटईक्षेत्र आधी, हा दीर्घकालीन प्राधान्यक्रमाचा प्रश्न आहे. तो त्या भाडेकरूंना कोणी कधी विचारला?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. हजारो कुटुंबांनी आयुष्याची पुंजी त्यांत घातली होती. खोटा कागद महापालिकेच्या नावाचा, पण तो खोटा आहे हे महापालिकेच्या शेजारी राहणाऱ्यास कळण्याची सोय नव्हती. दर सहा महिन्यांनी वस्तीच्या सभेत त्या वस्तीतील बांधकाम परवानग्यांची यादी मोठ्याने वाचली जात असती, तर यादीत नसलेल्या इमारतीचा पाया भरला जात असतानाच कोणीतरी उठून बोलले असते. इतका स्वस्त पहारा नाकारून आपण न्यायालयाचा महागडा निकाल पत्करला. न्यायालयाने दटावल्यावाचून हे शहर हलत नाही असेच दिसते. २०१५ सालीही कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट न लावल्याबद्दल उच्च न्यायालयाने येथील नव्या बांधकामांना मनाई केली, तेव्हा कुठे आधारवाडीच्या डोंगराची सर्वांना आठवण झाली. कल्याणच्या त्या वस्तीतल्या बायका कित्येक वर्षे तोच धूर गिळत होत्या. त्यांचे म्हणणे ऐकण्यास न्यायमूर्तींची गरज नव्हती.

कोणी म्हणेल, आता निवडणूक झाली, प्रतिनिधी आले, प्रश्न मिटला. वस्तुस्थिती पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. मधली पाच वर्षे सुमारे साडेबारा लाख लोकवस्तीच्या (२०११ ची जनगणना, आज ती किती पुढे गेली असेल!) शहराचा कारभार एकट्या प्रशासकाच्या सहीने चालला. ३१ मे १९९३ ला आपण सारे प्रजा होतो आणि १ जून १९९३ ला ७४ वी घटनादुरुस्ती अंमलात येताच नागरिक झालो, अशी भाषणे त्या काळी आम्हीही केली. त्या दुरुस्तीतली प्रभाग समिती महाराष्ट्रात नगरसेवकांची आणि मोजक्या नामनिर्देशितांची बैठक होऊन बसली. पुढे केंद्राच्या निधीची अट म्हणून २००९ साली राज्याने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात घातली. काही मतदानकेंद्रांच्या परिसरातील सर्व मतदारांची ती सभा, गावच्या ग्रामसभेची शहरी बहीण. निधी घेतला, तरतूद कागदावर राहिली. आता तर चार सदस्यांचे प्रभाग आहेत. क्षेत्रसभेचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे, आणि नगरसेवक चार. सभा बोलवायची कोणी? चौघे एकमेकांकडे बोट दाखवण्यास मोकळे. काही जागांवर तर मतदारास मत देण्याचीही तसदी पडली नाही, उमेदवार बिनविरोधच निवडून आले.

आणि नव्या सभागृहाच्या हाती तरी काय आहे? या शहराचा खरा राजरस्ता म्हणजे लोहमार्ग, तो रेल्वेचा. ज्या वीजगृहामुळे ठाकुर्लीचे नाव रेल्वेच्या इतिहासात गेले ते बंद पडून कित्येक दशके लोटली, पण रेल्वेच्या जमिनीचा उपयोग काय व्हावा याचा निर्णय दिल्लीच्या दिशेनेच येतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत नियोजन एमआयडीसीचे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखांना तेथील स्फोटांत माणसे मेली आणि भोवतालच्या इमारतींच्या काचा फुटल्या. घरे आणि रसायने शेजारी बसवताना भोवतालच्यांना कोणी विचारले नव्हते. मेट्रो एमएमआरडीएची, बारवीचे धरण एमआयडीसीचे. सत्तावीस गावांची कथा तर हास्यास्पद वाटावी इतकी करुण आहे. २००२ साली महापालिकेतून बाहेर, २०१५ साली आत, २०२० साली त्यांतली अठरा पुन्हा बाहेर काढण्याची अधिसूचना, आणि ती न्यायालयात रद्द. गावे नव्हेत, पत्त्यांचा डाव!

२०१६ साली कल्याण-डोंबिवलीची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. त्या स्पर्धेत नागरिकांच्या सहभागालाही गुण होते. शहरोशहरी अर्ज भरून घेतले, मते मोजली आणि गुण मिळवले; नंतर कामे सोपवली ती कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीकडे. मतदार तिचा भागधारक नाही. ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. आता निती आयोगाचा नवा मंत्र आला आहे, मुंबई महानगर प्रदेशाचे उत्पन्न २०३० पर्यंत १४० अब्ज डॉलरवरून ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचा. उत्पन्न वाढण्यास माझा विरोध असण्याचे कारण नाही, जन्मभर तोच विषय शिकवला. परंतु आकडा आधी ठरला आणि शहराने त्या आकड्याच्या मापाने हातपाय तोडून घ्यायचे, हा क्रम मला मान्य नाही. पहाटेच्या लोकलच्या दारात लटकणाऱ्याला या ३०० अब्जांतून काय हवे, हा प्रश्न त्या अहवालाच्या अगोदरचा आहे.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. सभा भरवल्या की त्या सोसायट्यांतील सुस्थित, बोलघेवडी मंडळी बळकावतील. फेरीवाले हटवा आणि झोपड्या उठवा, हेच त्यांचे ‘प्राधान्य’ ठरेल. हा धोका खरा आहे. माझ्याच इमारतीच्या सभेत मी तो दर वर्षी अनुभवतो. परंतु उपाय सभा टाळणे हा नसून सभेची घडण बदलणे हा आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात वर्कर्स पार्टीने १९८९ पासून महापालिकेचा अर्थसंकल्प वस्त्यांच्या सभांतून ठरवण्यास आरंभ केला, तेव्हा वाटपाच्या सूत्रात लोकसंख्येबरोबर सोयींच्या अभावालाही भारांक दिला. जिथे गटार नाही तिथे पैसा आधी. त्यामुळे कष्टकरी सभेला येऊ लागले, कारण आल्याने काही पदरात पडत होते. केरळने १९९६ च्या लोकयोजनेत राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे दिला आणि मग सभा भरवल्या. पुण्यातही २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याचा उपक्रम झाला. पण पदपथ, बाके आणि दिवे यांपलीकडे तो फारसा गेला नाही, कारण मोठ्या खर्चाची चावी दुसरीकडेच राहिली. पैशावाचून सहभाग म्हणजे भजनीमंडळ.

आपणही आरशात पाहिले पाहिजे. डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याची पारायणे आपण केली. त्यातला गाव हा खांब शहरात कुठे उभा करायचा याचा विचार क्वचितच केला. मृणालताई गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत गेल्या त्या गोरेगावच्या नळावरच्या रांगेतून. त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणताना आपण विसरतो की पाणी मागणाऱ्या त्या बायका शहराच्या वाढीची दिशाच बदलू पाहत होत्या. नळ आणि गटार हेच दीर्घकालीन प्राधान्य असते, त्यास तसे नाव दिले जात नाही इतकेच. १९९० च्या आसपास वसईत फादर दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीने सिडकोच्या योजनेशी झुंज दिली. २०१५ साली मुंबईचा प्रारूप आराखडा लोकांच्या रेट्यामुळे नव्याने करण्याची पाळी शासनावर आली. या लढ्यांत समाजवादी कार्यकर्ते होते; पण आराखडा प्रसिद्ध झाल्यावर धावाधाव करायची आणि एरवी निवेदने द्यायची, हा आपला रिवाज अजून सुटलेला नाही.

तेव्हा ठाकुर्ली-डोंबिवलीच्या साथींपुढे माझा प्रस्ताव असा आहे. नव्या सभागृहाकडे मागणी एकच न्यावी आणि ती सोडू नये: क्षेत्रसभेचे नियम लागू करा, आणि अंदाजपत्रकातील भांडवली खर्चाचा निश्चित हिस्सा वस्तीच्या गरजेच्या भारांकाने तिच्या हवाली करा. सभा रविवारी, नकाशा मराठीत, परवानग्यांची यादी जाहीर वाचन करून. रेल्वे, एमआयडीसी आणि एमएमआरडीए यांचा अधिकारी समोर बसलेला. महापालिका बोलावीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. नव्वद फुटी रस्त्यालगतच्या एखाद्या मतदानकेंद्राची यादी घ्यावी आणि त्यातील चाळींपासून आरंभ करून घरोघर निमंत्रण द्यावे. सोसायट्यांकडे शेवटी जावे, त्या आपोआप येतात. चारही नगरसेवकांना लेखी बोलवावे, आणि जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवावी. नकाशा समजावून सांगण्याचे काम मी करीन. माझी गल्ली आता मला सापडली आहे.