माळाची किंमत एक रुपया

खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिल्लार खोंडाचा सौदा रुमालाखाली करण्याची जुनी रीत आहे. घेणारा आणि देणारा एकमेकांची बोटे दाबतात, मध्ये दलाल असतो आणि आकडा त्या तिघांपलीकडे जात नाही. सौद्यात जनावराच्या मालकाचा शब्द शेवटचा असतो. ज्या माळावर ही जनावरे पोसली गेली, त्या माळाचा भाव मात्र जनावरवाल्याला न विचारताच ठरू लागला आहे.

आटपाडी, माण, खटाव, सांगोला, जत हा तीन जिल्ह्यांत विभागलेला दुष्काळी पट्टा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. पिकापेक्षा जनावर भरवशाचे, हा इथल्या माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. औंध संस्थानातला आटपाडी महाल खिल्लारासाठी ओळखला गेला आणि जतच्या माडग्याळची मेंढी आजही नाव राखून आहे. जमीन भरपूर होती, पण तिला गिऱ्हाईक नव्हते.

ते आले ते आधी वाऱ्यासाठी. कवठेमहांकाळच्या ढालगाव पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि खडकाळ माळालाही पैसे मिळू शकतात, हे लोकांनी पहिल्यांदा पाहिले. मग टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे कृष्णेचे पाणी पुढे सरकत गेले, डाळिंबाच्या बागा वाढल्या, रत्नागिरी-नागपूर महामार्ग रुंद झाला. आता जमीन बघायला येणारा मातीला हात लावण्याआधी तीन गोष्टी विचारतो: कॅनॉल किती लांब, डांबरी लागते का आणि महावितरणचे उपकेंद्र किती किलोमीटरवर आहे?

ही भाववाढ वाईट नाही. ज्यांनी आयुष्यभर ऊसतोडीला नाहीतर मुंबईच्या गोदीत हमालीला जाऊन घर चालवले, त्यांच्या जिरायतीला दाम मिळत असेल तर त्यात वावगे काय? वाद आहे तो भावात काय धरले जाते आणि काय सोडले जाते याचा.

सातबारा उघडला की ‘पोटखराबा’ हा रकाना दिसतो. लागवडीला न येणारे क्षेत्र तिथे लिहिलेले असते: ओघळ, खडक, उतार. व्यवहार ठरताना घेणारा पहिल्यांदा तेच वजा करतो. वास्तविक पावसाळ्यानंतर त्याच तुकड्यावर गुडघाभर गवत असते आणि घरची दोन जनावरे त्यावर दिवाळीपर्यंत निघतात. २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठ्यांवर आणले. अडचणीतल्या शेतकऱ्याला थोडीशी जमीन विकून वेळ निभावता येते, हे खरे. पण तुकडा जितका लहान, तितकी चरायला मोकळी जागा कमी, कारण प्रत्येक नवा मालक पहिल्यांदा कुंपण घालतो.

खाजगी जमिनीचे एकवेळ ठीक, तिथे निदान मालकाच्या हातात काही पडते. खरा अन्याय गायरानावर होतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खाजगी जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये मिळतात, म्हणजे एकरी ५० हजार, आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन, ज्यात गायराने येतात, त्याच प्रकल्पाला वर्षाला नाममात्र एक रुपया भाड्याने दिली जाते. गावाला विकासकामांसाठी वर्षाला ५ लाख मिळतात, पण तीनच वर्षे. माळ मात्र ३० वर्षांसाठी जातो. या योजनेतून शेतीपंपाला मिळणारी दिवसाची वीज हवीच. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून पाणी पाजायला जाणाऱ्याला ती का हवी, हे वेगळे सांगायला नको. पण त्या विजेची किंमत ज्याच्याकडे मोटारही नाही आणि शेतही नाही, अशा मेंढपाळाने आणि दोन गायींवर घर चालवणाऱ्या बाईने का मोजावी?

यावर ठरलेले उत्तर मिळते: आता जनावरे गोठ्यातच असतात, गायरान हवे कोणाला? २०१९ च्या पशुगणनेत देशातली संकरित आणि विदेशी गुरे जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढली आणि देशी ६ टक्क्यांनी घटली, हे खरे आहे. संकरित गाय मुरघास आणि पेंडीवर जागेवर उभी राहते. त्यासाठी बागायत लागते, नाहीतर दर आठवड्याला पेंडीच्या पोत्याचे पैसे. खिल्लार आणि मेंढी चालत चरतात. म्हणजे देशी जनावर कमी झाले म्हणून कुरण नको, असे म्हणताना कुरण गेले म्हणून देशी जनावर कमी झाले ही दुसरी बाजू आपण विसरतो. एकीकडे बैलगाडा शर्यतींसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढायचे, २०२३ मध्ये निकाल बाजूने लागल्यावर गुलाल उधळायचा आणि त्याच खोंडाची चरायची जागा एका रुपयाला जाऊ द्यायची, हे जुळत नाही.

शिवाय कुरणाचा खर्च टळत नाही, तो फक्त दुसऱ्या खात्यावर जातो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात याच पट्ट्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. म्हसवडच्या छावणीत माणसे जनावरांसोबत पाल ठोकून महिनोन्‌महिने राहिली. छावण्यांवर सरकारी तिजोरीतून कोट्यवधी गेले. त्या पैशातला थोडा भाग आधीच माळावर बंधारे घालायला आणि गवताचे बी पेरायला गेला असता, तर निदान पहिले दोन-तीन महिने जनावर दावणीवर राहिले असते.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनी वाचवण्याचे आदेश दिले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने गायरानांबाबत शासन निर्णय काढला. तेव्हा मागणी साधी आहे. गायरान घ्यायचेच असेल तर त्यालाही खाजगी जमिनीइतकेच, हेक्टरी सव्वा लाखाचे भाडे द्यावे. ती रक्कम पंचायतीच्या वैरण खात्यात जमा व्हावी, तिच्यातून उरलेल्या माळाची डागडुजी व्हावी आणि पॅनेलखाली मेंढ्या चारायची मुभा करारातच लिहावी. आणि ग्रामसभांनी ठरावावर सह्या करण्याआधी गटनंबर, क्षेत्र आणि मुदत मोठ्याने वाचून घ्यावी, चराईला बाहेर गेलेले मेंढके परत येऊन गावात असतील त्या महिन्यात.