वेतनवाढ आणि वेगधारण

कर्जत येथील औषधालयातील काम सोडून मुंबईतील अधिक वेतनाची नोकरी स्वीकारावी काय, असे एका तरुण वैद्यांनी आम्हांस विचारले. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर १०० किलोमीटर; लोकलने एका बाजूस सुमारे दोन तास. महिन्याच्या २५ दिवसांत हे १०० तास होतात, म्हणजे आठ तासांचे साडेबारा दिवस विनावेतन! त्यात लोकलमध्ये शौचालय नसते. ज्या वेगधारणाचा निषेध चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात आहे, ते नित्याचेच होणार. वाढीव रक्कम या तासांनी भागून पाहावी, असे आम्ही सुचविले. मात्र औषधालयाच्या मालकांनीही आपल्या सहायकांचे वेतन एकदा तपासावे. ते तुटपुंजे असेल तर हा भागाकार मुंबईच्याच बाजूने जाईल, आणि त्या तरुणास आम्ही थांबविणार नाही.