शेक संपले, पुढचं कोण सांगणार?

"जीव वाचला ना, मग बाकीचं कशाला काढता?" गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शेक, म्हणजे किरणोपचार, घेऊन घरी आलेल्या बाईची अशी बोळवण होते. पण हे बाकीचं नाहीच. बाहेरून आणि आतून दिलेल्या किरणांनी योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. कधी भिंती एकमेकींना चिकटतात, मार्ग आखूड आणि अरुंद होतो. मग संबंध तर दुखतोच, शिवाय पुढच्या तपासणीत डॉक्टरांना आतलं नीट पाहता येत नाही. आजार परतला का, हे बघायची वाटच बुजते. म्हणून "तिचं वय झालं, नवरा नाही, तिला कशाला?" हेही टिकत नाही. तपासणी विधवेलाही लागतेच.

"आमच्या बाया लाजतात," असंही म्हणतात. पडद्यापलीकडे रांग आणि शेजारी दीर उभा असताना कोणती बाई तोंड उघडेल? वेगळ्या खोलीत सिस्टरने आपणहून विचारावं, मग लाजेचं बोलू.

एका आक्षेपात मात्र दम आहे: डायलेटरने, म्हणजे योनीमार्ग मोकळा राहावा म्हणून आत सरकवायच्या नळीने, फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे, आणि सूज असताना घाई केली तर इजा होऊ शकते. खरं आहे. म्हणूनच गप्प न बसता नीट शिकवायला हवं. साधारणपणे शेक संपल्यावर काही आठवड्यांनी, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच सुरुवात करायची. पाठीवर पडून गुडघे दुमडायचे, गुळगुळीत नळीला पाण्यात विरघळणारी जेली लावायची आणि हलक्या हाताने आत सरकवून पाच-दहा मिनिटं ठेवायची. आठवड्यातून दोन-तीनदा. किंचित डाग लागू शकतो. रक्त जास्त गेलं, तर तडक दवाखाना. आणि नवऱ्यालाही समोर बसवून सांगायचं की संबंधातून कर्करोग लागत नाही, उपचार संपल्यावर बाईच्या अंगात किरणं उरत नाहीत. या भीतीपायी कित्येकींचं अंथरूण वेगळं होतं.

खेड्यापर्यंत हे पोचवणार कसं, ही सबब निदान वर्धा जिल्ह्याने देऊ नये. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं ते खेड्यासाठीच. तिथली विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, घरोघर जाते. याच जिल्ह्यात सावंगीलाही कर्करोगाचे उपचार होतात. तेव्हा आर्वी-हिंगणघाटकडची बाई शेवटचा शेक घेऊन निघेल, त्या दिवशी तिच्या कागदावर औषधांखाली हेही मराठीत लिहिलेलं असावं: नळी कधी सुरू करायची, कोणत्या मापाची, आणि अडचण आली तर कोणत्या सिस्टरला भेटायचं.