ढेकणांबद्दल बोला की राव!

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक वाट्टेल ते टाकतात. पाणी आलं नाही, लिफ्ट बंद, तिसऱ्या मजल्यावर झुरळं. पण ढेकूण? छे! तिथे सगळे चिडीचूप. आणि माझं मत असं की फ्लॅटमधले ढेकूण औषध कमी पडल्यामुळे टिकत नाहीत तेवढे या चिडीचूपपणामुळे टिकतात.

मुळात लाज कसली? ढेकणाला घाण लागत नाही, रक्त लागतं. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. सुटकेसच्या शिवणीतून, होस्टेलच्या गादीतून नाहीतर स्वस्तात मिळालेल्या सेकंडहँड सोफ्यातून तो गुपचूप येतो. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पॅरिसमध्ये यावरून एवढा हलकल्लोळ झाला की मंत्र्यांना बैठका घ्याव्या लागल्या. पॅरिसवाल्यांना होतात तर आपल्याला व्हायला काय हरकत आहे? :)

आता आपल्याकडे काय होतं बघा. 'अ' च्या घरात ढेकूण झाले. तो कुणाला न सांगता शनिवारी फवारणी करून घेतो. फवारा अंड्यांवर फारसा चालत नाही. आपल्या हवेत साधारण आठवडा-दीड आठवड्यात ती फुटतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फवारणी लागतेच. ती तो करत नाही. मोठ्यांपैकीही काही मरत नाहीत, कारण डासांच्या स्प्रेत असतात त्याच जातीची पायरेथ्रॉईड औषधं ढेकणांच्या अंगवळणी पडली आहेत. (हे नवीन नाही, डीडीटीला दाद न देणारे ढेकूण हवाईत १९४७ मध्येच सापडले होते.) त्यातले काही जण वायरिंगच्या पाईपमधून आणि भिंतीच्या फटींतून शेजारच्या 'ब' कडे जातात. पुढच्या महिन्यात 'ब' गुपचूप फवारणी करतो, आणि मंडळी परत 'अ' कडे. ऑफिसात याला आम्ही बग रीओपन झाला म्हणतो, पण तिथे निदान तो कुणीतरी लिहून तरी ठेवतो!

म्हणून पहिलं काम म्हणजे शेजारी, वर आणि खाली सांगणं, आणि सगळ्यांची फवारणी एकाच दिवशी करणं. त्याआधी टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी, स्टोरेजच्या पलंगाची स्क्रूची भोकं, पडद्यांच्या चुण्या, स्विचबोर्डच्या कडा बघा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग दिसले की समजा तिथे बिऱ्हाड आहे. चादरी-कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गादी गच्चीवर टाकून फार काही होत नाही. वरचं कापड तापतं, ढेकूण आत सरकतात. त्यापेक्षा स्टीमर बरा. जुन्या बायका खाटेच्या सांध्यात उकळतं पाणी ओतायच्या, त्यात शास्त्र होतं. मग गादीला पूर्ण चेनचं कव्हर घाला आणि वर्षभर काढू नका, कारण ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने जगतात.

एक मात्र अजिबात करू नका. 'धान्यातल्या गोळ्या ठेवतो साहेब, एका रात्रीत साफ' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्या गोळ्यांतल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडला दमट हवा लागली की फॉस्फिन वायू सुटतो. घरात त्या वापरल्यामुळे आपल्या देशात माणसं मेली आहेत, काही तर शेजारच्या खोलीत झोपलेली. ढेकणांमुळे माणसांत रोग पसरत असल्याचं सिद्ध झालेलं नाही, झोपेचं खोबरं होतं इतकंच. त्यासाठी जीव घालवायचा का?

असो. खरा घोळ भाड्याच्या घरांत आहे. तक्रार केली की मालक म्हणतो, 'तुम्हीच आणले असतील.' मला हे ऐकवून झालं आहे. भाडेकरू डिपॉझिट कापलं जाईल म्हणून गप्प बसतो, घर सोडतो आणि पुढच्याला आयती मेजवानी मिळते. न्यूयॉर्क शहरात २०१० च्या कायद्यापासून घरमालकाला नव्या भाडेकरूला सांगावं लागतं की गेल्या वर्षभरात या घरात आणि इमारतीत ढेकूण झाले होते का. आपल्याकडे कायद्याची वाट बघायची गरज नाही. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात दोन ओळी पुरतील. गेल्या वर्षभरात ढेकूण झाले होते का, आणि राहायला आल्यापासून महिन्याभरात निघाले तर खर्च मालकाचा.

अकरा महिन्यांनी करार नव्याने होतोच. तेव्हा एजंटला हे घालायला सांगा. रंगाचे पैसे कापण्याचं कलम तो न सांगता घालतो, हेही घालेल.