सैल पुली आणि खरी दुरुस्ती

बंद पडलेलें यंत्र पुन्हां चालूं करणें आणि तें दुरुस्त करणें, ह्या दोन गोष्टी एकच आहेत असा सामान्य समज आहे. आमच्या मतें त्या अगदीं भिन्न आहेत. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून एका मोटारगाडीचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

जपानांतील हिरोशिमा येथें तयार होणारी ‘माझदा एमएक्स-5’ ही दोन आसनांची लहानशी स्पोर्ट्स मोटार 1989 सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली, आणि 2016 सालच्या एप्रिलांत अशा गाड्यांची संख्या दहा लाखांवर पोंचली. एवढ्या लोकप्रिय गाडीच्या आरंभीच्या 1.6 लिटर यंत्रांत एक उणीव होती. क्रँकशाफ्ट हा जो यंत्राचा मुख्य दांडा, त्याच्या पुढल्या टोंकावर एक दांत्यांची पुली असते. तिच्यावरील पट्टा झडपा उघडणाऱ्या दोन दांड्यांस फिरवितो. तिच्यापुढें दुसरी पुली असून तिच्यावर विजेचें जनित्र व पाण्याचा पंप चालतो. हें सर्व एका मधल्या बोल्टानें टोंकावर आवळून धरलेलें असतें. आरंभीच्या यंत्रांत हें टोंक आंखूड होतें, त्यामुळें पुलीस पकड थोडी मिळे. कारखान्यानें 1991 सालीं तें अधिक लांब व जाड केलें.

टोंक व पुली ह्यांच्या खांचेंत एक लहान पोलादी चावी बसविलेली असते. सारा भार ही चावीच वाहते असें पुष्कळांस वाटतें. परंतु तसें नाहीं. पुली नेमकी कोठें बसावी हें दाखविणें एवढेंच चावीचें मुख्य काम. भार वाहतें तें बोल्टाच्या दाबानें उत्पन्न होणारें घर्षण. पट्टा बदलतांना काढलेला बोल्ट परत बसवितांना कमी आवळला गेला, कीं तें घर्षण नाहींसें होतें आणि सगळे धक्के चावीवर येतात. मिनिटास 6,000 फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या यंत्रांत असे धक्के सेकंदास 200 बसतात. मग चावी झिजते, खांच रुंदावते, पुली डोलूं लागते, झडपांची वेळ चुकते आणि गाडीची शक्ति क्षीण होते.

अशी गाडी कारागिराकडे आली असतां त्याच्यापुढें तीन मार्ग असतात. पहिला, बोल्ट जोरानें पिळून गाडी परत देण्याचा. त्या दिवशीं गाडी चालते, मालक संतुष्ट होतो, पैसेही चुकते होतात. परंतु खांच रुंद ती रुंदच राहते, आणि पुली पुन्हां डोलूं लागते तेव्हां झीज पूर्वीहून वाढलेली असते. दोष ठाऊक असून असें करणें ही दुरुस्ती नव्हे, फसवणूक होय. आणि ती झांकणाआड होत असल्यामुळें अधिकच निंद्य होय.

दुसरा मार्ग यंत्र उतरवून क्रँकशाफ्टच बदलण्याचा. तो निर्दोष आहे, आणि टोंक फुटलें असेल किंवा फारच झिजलें असेल तर दुसरा उपायही नाहीं. परंतु बोटभर जागेच्या झिजेसाठीं संपूर्ण यंत्र खोलण्याचा खर्च जुन्या गाडीच्या मालकास बहुधा झेपत नाहीं, आणि चांगली गाडी भंगारांत जाते.

तिसरा मार्ग अमेरिकेंतील हौशी मालकांनीं रूढ केला. यंत्र जागेवरच ठेवून फक्त रेडिएटर काढावयाचा. बोल्ट, चावी व झिजलेली पुली हीं नवीं घ्यावयाचीं. टोंक तेलाचा लवलेश न राहील इतकें स्वच्छ करावयाचें, आणि खांचेची जी बाजू शाबूत असेल तिला चावी टेकवावयाची. मग ‘लॉक्टाइट 660’ हें द्रव्य लावावयाचें. दोन धातूंच्या मध्यें हवा न मिळाली कीं तें कठीण होतें, व सुमारें अर्ध्या मिलिमीटरापर्यंतची फट भरून काढतें. बोल्ट टॉर्क पान्यानें ठरल्या मापासच आवळावयाचा, आणि एक अहोरात्र यंत्रास हात लावावयाचा नाहीं.

कोणी म्हणतील, हा तर डिंकाचा उपाय! परंतु येथें तें द्रव्य बोल्टाचें काम करीत नाहीं; तें फट भरून पुली स्थिर बसवितें, आणि पकड पूर्वींप्रमाणें बोल्टाचीच राहते. ह्या मार्गास आम्ही दुरुस्ती म्हणतों, कारण त्यांत बिघाडाचें मूळ शोधून तें दूर केलेलें असतें. मात्र मर्यादाही ओळखली पाहिजे. झीज किती होती, काय केलें, आणि पुली पुन्हां केव्हां तपासावी, हें कारागिरानें मालकास स्पष्ट सांगितलें पाहिजे. तें न सांगितल्यास तिसरा मार्गही पहिल्याच्याच पंक्तीस जाऊन बसेल.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांच्याच दृष्टीस ही गाडी पडेल. परंतु पट्टा, पुली आणि चावी हीं गांवच्या पिठाच्या गिरणींतही आहेत, आणि बोल्ट सैल राहिला तर तेथेंही तोच परिणाम होतो. शाळेंतील उद्योगवर्गांत पाना कसा धरावा हें मुलांस शिकवितात. त्याबरोबरच ‘हें कां मोडलें?’ हा प्रश्न पाना हातीं घेण्यापूर्वीं विचारण्याची संवय त्यांस लावावी, अशी आमची शिक्षकबंधूंस आग्रहाची सूचना आहे.